रस्त्यावरची एकतीस मीटरची रेघ

सातवीच्या पोरांना मी त्या वर्षी मैदानावर नेलं, कारण वर्गात त्यांचा विश्वास बसत नव्हता. गती आणि बल हा धडा चालू होता. चाल म्हणजे अंतर भागिले वेळ, इथवर सगळे ठीक आले. मग मी विचारलं, सायकलचा वेग दुप्पट केला आणि ब्रेक दाबला, तर चाक किती लांब घासत जाईल? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, दुप्पट. मी म्हटलं, चला, मोजू.

दिवाळी होऊन गेली होती. मैदानाची काळी माती वाळून दगडासारखी झाली होती आणि वरून धुळीचा पातळ थर. चुन्याने एक रेघ मारली, तिच्या अलीकडे दहा मीटरवर दुसरी. सायकल दहा मीटर किती सेकंदांत कापते ते मी मोबाइलवर पाहायचं, शेवटच्या रेघेवर मागचा ब्रेक करकचून दाबायचा, आणि धुळीत उमटलेली घसपट लाकडी मीटरपट्टीने मोजायची. सायकल चालवायला एक मुलगी पुढे आली. बारीक, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या. पोरं हरकत घेतील असं वाटलं होतं, पण कुणी घेतली नाही. तिच्याइतकी सायकल गावात कुणालाच येत नव्हती.

पहिल्यांदा तिने दहा मीटर चार सेकंदांत काढले. रेघ सव्वा मीटरची आली. दुसऱ्यांदा दोन सेकंदांत. रेघ पाच मीटर. पोरांनी पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली. पाचच.

"मॅडम, दुप्पट वेगाले चौपट काऊन?" तिने विचारलं. ती अजून सायकल धरूनच उभी होती.

मी त्यांना समजेल तसं सांगितलं. गाडी पळताना तिच्यात जे साठतं ते सगळं घर्षणाला खाऊन संपवावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला की ते साठलेलं चौपट होतं. त्यांना ते किती समजलं कोण जाणे. पण चौपट हा शब्द तिने वहीत दोनदा लिहून त्याखाली रेघ ओढली होती, ते मी नंतर वही तपासताना पाहिलं.

तिचं घर गावाच्या टोकाला, गोंड वस्तीत. घरी ते लोक आपसांत त्यांची भाषा बोलत. शाळेत ती आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलायची. वडील जंगलखात्याच्या कामावर मजुरीने जात, आई हंगामात कापूस वेचायला. आई पालकसभेला एकदाच आली, कामावरून थेट. केसांत कापसाचे तंतू अडकलेले, बोटांच्या टोकांना बोंडांचे ओरखडे. ती भिंतीला टेकून उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही.

"घरी काईबाई मोजत राह्यते पोट्टी," ती हसून म्हणाली. "बकरी किती पावलं चालली, तेबी मोजते. हे शाळेचंच हाये का तिचं तिचं?"

"दोन्ही," मी म्हटलं. "हिला शिकवा. थांबवू नका."

"आम्ही काऊन थांबवू," ती म्हणाली.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती बाई मेली. तिच्या मृत्यूचं कारण माझा भाऊ होता.

माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आई शेतावर, त्यामुळे त्याला आंघोळ घालण्यापासून पाटीवर अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं मीच केलेलं. लग्न होऊन मी पिपरी मेघेला राहायला गेले, तो आईपाशी राहिला; त्यांचं गाव माझ्या शाळेच्या गावाच्या अलीकडचं, माझ्या रोजच्या रस्त्यावरच. त्याने एक छोटी मालवाहू गाडी घेतली होती. बाकीचं वर्ष भाजी-भुसा वाहायचा, हंगामात कापूस वेचणाऱ्या बायका. मागच्या उघड्या डाल्यात पंधरा-सोळा बायका उभ्या, काही काठावर बसलेल्या, असं रोज सकाळी चालायचं. मी ते रोज पाहायची. जडत्व शिकवणारी बाई मी, आणि स्कुटीवरून त्या गाडीला हात करून पुढे निघायची.

त्या दिवशी त्याला दोन खेपा होत्या. पहिली खेप सोडून यायला उशीर झाला. दुसऱ्या शेताचा मालक फोनवर फोन करत होता. शाळेच्या गावापासून दोनेक किलोमीटरवर रस्त्यात एक पुलिया आहे, नाल्यावरचा छोटा पूल, दोन्ही बाजूंना सिमेंटचे बुटके कठडे. तिथे एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यात आला. भावाने ब्रेक मारला. गाडी घासत गेली, डावीकडे ओढली गेली आणि कठड्यावर आदळली. गाडी थांबली, डाल्यातल्या बायका थांबल्या नाहीत. कुणाचा हात मोडला, कुणाचे दात गेले, एकीचा खुबा निखळला. त्या मुलीची आई सर्वांत पुढे, केबिनला धरून उभी होती. ती केबिनवरून फेकली गेली आणि पुलियाखालच्या दगडांवर पडली. दवाखान्यात न्यायची वेळही आली नाही. भावाला कपाळावर तीन टाके पडले.

मी शाळेच्या रस्त्यावर होते. पुलियापाशी गर्दी दिसली, मग गाडी दिसली, मग त्या बुटक्या कठड्यावर डोकं धरून बसलेला माझा भाऊ. मी आधी त्याच्याकडे गेले. आजही मला हे आठवतं की मी आधी त्याच्याकडे गेले. चादरीखाली कोण आहे हे मी नंतर विचारलं.

पोलिस आले, पंचनामा झाला. 'रोही आडवा आल्याने', 'ब्रेकच्या खुणा आढळल्या', इतकंच त्यात लिहिलं गेलं. भावाने जबाबात सांगितलं, गाडी चाळीसच्या वेगात होती. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, दुसऱ्या दिवशी जामीनही झाला. मयतीला मी गेले. मुलीची आजी अंगणात बसून त्यांच्या भाषेत काहीतरी एकसारखं बोलत होती, रडत नव्हती, नुसती बोलत होती. मला एक शब्द कळला नाही. मुलगी मला पाहून उठली आणि सवयीने म्हणाली, "नमस्ते मॅडम."

गाडी कुणाची, हे तिला माहीत होतं. आम्ही भाऊ-बहीण आहोत हेही गावाला माहीत होतं. तिने त्यावर तेव्हा किंवा नंतर कधीच काही म्हटलं नाही.

तेराव्यानंतर ती शाळेत आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळा सुटताना तिने विचारलं, "मॅडम, मीटरपट्टी घरी नेऊ काय? उद्या आणून देतो."

आमच्याकडे मुलीही 'देतो', 'जातो' म्हणतात. मी म्हटलं, ने. कशाला, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती पट्टी घेऊन माझ्या टेबलापाशी आली. पट्टीच्या एका टोकाला डांबराचे काळे कण चिकटले होते. तिने वही उघडली. एका पानावर उभ्या काड्या मारलेल्या होत्या, पाच-पाचचे गठ्ठे करून, जसे आपण मतमोजणीला करतो तसे. सहा गठ्ठे आणि एक काडी.

"एकतीस वेळा पट्टी बसली," ती म्हणाली. "जिथून काळी रेघ सुरू होते तिथून कठड्यापर्यंत. दोन डाव मोजली. एका डावाला ट्रक आला तं निशाण चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली."

मी काड्या पुन्हा मोजल्या.

"चाळीसच्या गाडीची रेघ किती येते, मॅडम?"

"का ग?"

"तशीच एखादी गाडी चाळीसनं आणून तिथंच ब्रेक मारला, अन् रेघ मोजली, तं समजंल ना? तिच्या चौपट ही असंल तं वेग दुप्पट होता. चौपटपेक्षा कमी असंल तं दुपटीपेक्षा कमी." ती थांबली. "आपण सायकलीचं केलतं तसंच."

बारा वर्षांच्या मुलीने, आई मेलेल्या ठिकाणी, भर रस्त्यात वाकून एकतीस वेळा पट्टी ठेवली होती. आणि तिचं गणित बरोबर होतं. मी तिला म्हटलं, "मी पाहून सांगते. उद्या ये."

त्या संध्याकाळी घरी जाताना मी पुलियापाशी स्कुटी थांबवली. रेघा होत्या, दोन, एक ठळक आणि एक फिकट. मी पावलांनी मोजल्या. ती खरं बोलत होती, त्यात मला तसाही संशय नव्हता. सुक्या डांबरावर रबराचं घर्षण साधारण किती धरायचं, हे मला माहीत होतं. गुणाकार, वर्गमूळ. मी तिथेच हिशेबाच्या कागदाच्या पाठीवर, स्कुटीच्या सीटवर ठेवून, तो केला. सत्तरच्या जवळ आलं. भावाच्या बाजूने जितकं ओढता येईल तितकं ओढून पाहिलं, तरी साठच्या खाली येईना. आणि कठड्यावर आदळताना गाडीत जो वेग उरला होता तो तर मी धरलाच नव्हता.

मग मी उलटं केलं. चाळीस असते तर? दहा-अकरा मीटर. म्हणजे रोही तोच, ब्रेक तोच, टायर तेच, आणि गाडी कठड्याच्या वीस मीटर अलीकडे उभी राहिली असती. बायका एकमेकींवर आदळून शिव्या घालत उठल्या असत्या आणि शेतात गेल्या असत्या.

तशीच मी आईच्या घरी गेले. भाऊ ओट्यावर बसला होता, कपाळावर टाक्यांची ताजी खूण. वहिनी आत पोळ्या करत होती, त्यांची दोन वर्षांची मुलगी तिच्या पाठीशी खेळत होती. मी सरळ विचारलं.

"किती वेग होता?"

"चाळीस," तो म्हणाला. "सांगतलं ना पोलिसाले."

"मी मोजून आली."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग खाली पाहिलं.

"काय मोजलं तू?"

"तुया ब्रेकची रेघ. एकतीस मीटर हाये. चाळीसले दहा येते."

आई दारात येऊन उभी राहिली होती. आत पोळपाटाचा आवाज थांबला.

"ताई, उशीर झालता," भाऊ शेवटी म्हणाला. "थो मालक सारखा फोन करून राह्यलता. म्या फोन उचलला. रोही मले दिसलाच नाई लवकर." तो ओट्यावरून उठला. "म्या काय मुद्दाम केलं? मले झोप येत नाई. डोळा लागला का त्या बाईचा आवाज येते. तुले काय पाहिजे, मी जेलात जाऊ? हिचं काय?" त्याने आतल्या पोरीकडे हात केला.

आई म्हणाली, "तुले कोणी इचारलं काय?"

"त्या बाईच्या पोरीनं इचारलं," मी म्हटलं.

"पोरीले काय समजते."

"तिनंच मोजलं, आई."

आईने पदर तोंडावर घेतला. मग म्हणाली, "गेलेली बाई वापस येते काय? तू मास्तरीण हायेस, पोट्टीले समजावून सांग. एवढंच कर माया लेकासाठी."

मी तिथे जेवले नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला जे बरोबर वाटेल ते कर. आणि कूस बदलली. रात्रभर मी स्वतःला समजावत राहिले की मी साक्षीदार नाही, तज्ज्ञ नाही, बारा वर्षांच्या मुलीपुढे तिच्या आईच्या मरणाचा आकडा मांडणं हे कुठल्याही अर्थाने बरं नाही. हे सगळं खरंही होतं. त्याच्यामागे मी लपले.

दुसऱ्या दिवशी ती आली. वही तीच, पान तेच.

"असं आहे," मी म्हटलं, "सायकलचा नियम गाडीला लागत नाही. गाडी जड असते. जडपणामुळे सगळं बदलतं. त्यावरून वेग काढता येत नाही."

हे चूक आहे. वजन वाढलं की रेटा वाढतो आणि घर्षणही त्याच मापाने वाढतं. सायकल असो की गाडी, दुपटीला चौपटच. दरवर्षी कुणी ना कुणी पोरगं हे चूक उत्तर देतं आणि दरवर्षी मी ते खोडते. त्या दिवशी मी ते स्वतःच्या तोंडाने, विज्ञानाच्या तासाच्या आवाजात दिलं.

"पण नियम सगळ्याइले सारखा राह्यते, असं म्हणे तुम्ही," ती म्हणाली.

"हा थोडा वेगळा आहे. मोठ्या वर्गात गेलीस की कळेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीसं तिच्या तोंडावर आलं. मग तिने वही बंद केली, "बरं मॅडम," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तिने माझ्या तासाला हात वर करणं सोडलं. उशिरा यायची, गप्प बसायची. आजीचं आणि धाकट्या भावाचं सगळं तिच्यावर पडलं होतं. सायकल कधी आणायची, कधी नाही. मी तिला दोनदा सगळ्यांसमोर प्रश्न विचारला. दोन्ही वेळा ती उभी राहिली आणि "नाई येत" म्हणाली. दोन्ही उत्तरं तिला येत होती हे मला माहीत होतं. जानेवारीत रस्त्याच्या डागडुजीचं काम निघालं. पुलियाच्या अलीकडच्या तुकड्यावर नव्या डांबराचा थर आला. मी त्यावरून स्कुटी नेली तेव्हा मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी विसरलेली नाही.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. पेपर तालुक्याहून आला होता, मी काढलेला नव्हता. त्यात कारणे लिहा या सदरात एक प्रश्न होता: वेगात असलेल्या वाहनाला थांबण्यासाठी जास्त अंतर लागते. दोन गुण. पेपर मी घरी तपासत होते, जेवणाच्या टेबलावर, दुपारी. तिचा पेपर मधेच कुठेतरी आला. बाकी उत्तरं अर्धवट, बऱ्याच जागा कोऱ्या. या प्रश्नाखाली मात्र तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

'सायकल असेल तर वेग दुप्पट झाल्यावर अंतर चौपट लागते. आम्ही मोजले आहे. गाडी असेल तर माहीत नाही. मॅडमनी सांगितले की गाडीला नियम लागत नाही.'

लाल पेन हातात होतं. बरोबर म्हणावं तर माझं खोटं मी प्रमाण करत होते. चूक म्हणावं तर चूक तिची नव्हती. ती टोमणा मारत होती असं मला वाटत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्याकडे जे होतं ते तिने मोजलेलं आणि मी सांगितलेलं, दोन्ही तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी पेपर तसाच ठेवला आणि स्कुटी काढली.

वस्तीत पोचले तेव्हा तिचे वडील अंगणात टोपल्याला बांबूची पट्टी बांधत होते. त्यांनी बाज झटकून दिली. मुलगी घरामागे बकरीला पाला घालत होती, आवाज ऐकून दारापर्यंत आली आणि थांबली. मी सगळं सांगितलं. रेघ, हिशेब, सत्तर, चाळीस असते तर काय झालं असतं, भावाने फोन उचललेला, आणि मी तिला काय खोटं सांगितलं ते. मधे कुणी मला थांबवलं नाही.

तिचे वडील पट्टी वाकवत होते ती त्यांनी सोडली.

"आम्हाले माहीत होतं, मॅडम," ते म्हणाले. "डाल्यातल्या साऱ्या बायाइनं सांगतलं. तिनं, माह्या बायकोनंच, केबिनवर हात मारून त्याले दोनदा सांगतलं का हळू चालव. पोलिसाइले बी सांगतलं बायाइनं. त्याइनं लिहून घेतलं नाई. म्हणे, बायाइले काय समजते चाळीस अन् साठ."

"मग तुम्ही मला…"

"तुमच्याकडं काऊन येऊ? तुमचा भाऊ हाये." त्यांनी दाराकडे पाहिलं. "पोट्टी म्हणे, मॅडम मोजून देतीन. बायाइचं कोणी मानत नाई, पण पट्टीचं मानतीन. म्या म्हटलं, पाह्य बापा."

मी मुलीकडे वळले. तिने विचारलं, "म्हणजे गाडीले लागते नियम?"

"लागतो."

"सायकलीसारखाच?"

"सायकलीसारखाच. तू बरोबर होतीस."

ती मान हलवून परत घरामागे गेली. मी थोडा वेळ बसले. ती काही पुन्हा आली नाही. आजी आतून बाहेर आली, माझ्यापुढे पाण्याचा लोटा ठेवून गेली.

त्यानंतर मी पोलिसांकडे गेले. साहेब म्हणाले, मॅडम, दोषारोपपत्र गेलं, आता तुम्ही कोर्टात काय ते बघा. मी अर्ज लिहून दिला. सरकारी वकिलांनी तो वाचला आणि त्यांना थोडं नवल वाटलं, सख्खी बहीण म्हणून. साक्षीला बोलावणं यायला दीड वर्ष लागलं. हिंगणघाटच्या कोर्टात मी उभी राहिले तेव्हा भाऊ समोर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या वकिलांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"आपण वाहन अपघातांच्या तज्ज्ञ आहात?"

"नाही. सातवीला विज्ञान शिकवते."

"त्या खुणा आज घटनास्थळी आहेत?"

"नाहीत. वर डांबर पडलं."

"खुणा मोजल्यानंतर हे सांगायला आपण किती दिवस घेतले?"

"चार महिने," मी म्हटलं.

त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं आणि खाली बसले. पंचनाम्यात खुणांची लांबी नव्हती. बायकांपैकी एकीने साठ सांगितलं, दुसरीने शंभर, तिसरीने 'लय जोरात'. मुलीच्या वहीतलं ते काड्यांचं पान सरकारी वकिलांनी दाखवलं, पण ते कुणी मोजलं, केव्हा मोजलं, कुणासमोर मोजलं, याला आधार काय, असं झालं. पुढच्या वर्षी भाऊ संशयाचा फायदा मिळून सुटला.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आणि ती आले होते. ती तेव्हा दहावीत होती, वर्ध्याच्या एका वसतिगृहात राहायची, उंची वाढली होती. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी तिला काय बोलावं ते जुळवत होते.

"तवाच सांगतलं असतं तं रेघ होती," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

वडिलांनी मला नमस्कार केला, आणि ते दोघं बसस्टँडकडे चालू लागले.

भाऊ सुटला, पण त्याने स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. गाडी बरेच दिवस आईच्या घरामागे उभी होती, तिच्या डाल्यात वेल चढला होता. मग कुणीतरी नेली. तो आता सिंदी रेल्वेला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या कामावर आहे, बायको-मुलगी तिकडेच नेली. मी फोन केला तर वहिनी उचलते, बरं आहे म्हणते, त्याला देत नाही. आई एकटी गावात राहते. मी रोज तिच्या दारावरून जाते, शनिवारी थांबते. औषधं देते, पाण्याचा माठ भरून ठेवते. ती माझ्याशी बोलते, पण त्याच्याबद्दल नाही. गेल्या शनिवारी तिने मला भाजी वाढली आणि म्हणाली, मीठ कमी पडलं असंल तं घेजो. मी घेतलं. आम्ही दोघी जेवलो, आणि मग मी भांडी घासायला मोरीत गेले.